तेच घर, तोच प्रश्न, दोन उत्तरे: पाहणीतील विसंगती कुठून येते आणि ती कशी शोधावी

घरोघरच्या पाहणीचे काम सुरू होऊन आठवडा उलटला की एक अडचण हमखास समोर येते. पर्यवेक्षक काही निवडक घरी पुन्हा जातो आणि मूळ प्रश्नावलीतील आठ-दहा प्रश्न पुन्हा विचारतो. क्षेत्रावर सगळे याला बॅकचेक म्हणतात. दोन्ही वेळची उत्तरे शेजारी ठेवली की ती जुळत नाहीत. सोमवारी घरात सहा माणसे होती, शुक्रवारी पाच आहेत. जमीन तीन एकर होती, ती दीड एकर झाली आहे. सुनेचे वय चोविसाचे पंचवीस झाले आहे आणि ती शेतात काम करते की नाही, याचे उत्तर उलटले आहे. अशा वेळी कार्यालयातून निष्कर्ष येतो की लोक मनाला येईल ते सांगतात, आणि क्षेत्रावरून निष्कर्ष येतो की प्रगणकाने घरी बसून फॉर्म भरला. मी अनेक वर्षे अशा जोड्या तपासत आलो आहे. ही दोन्ही कारणे अधूनमधून खरी निघतात, परंतु बहुतेक जोड्यांत उत्तर देणाऱ्याने दोन्ही वेळा खरेच सांगितलेले असते आणि आपला प्रश्नच मधल्या काळात बदललेला असतो. प्रश्न नेमका कुठे बदलला, हे शोधण्याचा मी वापरत असलेला क्रम पुढे देत आहे.

सुरुवात स्वस्त तपासण्यांपासून करावी. टॅबवर शेजारच्या पर्यायावर बोट पडले का, एका उत्तरामुळे पुढचे प्रश्न वगळले जाण्याची व्यवस्था चुकली का, घर क्रमांक अदलाबदल झाले का, हे अर्ध्या दिवसात पाहून होते. त्यानंतर लगेच दोन्ही वेळा उत्तर कोणी दिले ते पाहावे. दिवसा गेलेल्या प्रगणकाला सासूबाई भेटलेल्या असतात आणि संध्याकाळी गेलेल्या पर्यवेक्षकाला मुलगा भेटतो. दुसऱ्याच्या वतीने दिलेले उत्तर आणि स्वतःचे उत्तर या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, म्हणून उत्तर देणारी व्यक्ती वेगळी असेल तर ती जोडी विसंगतीच्या हिशेबात धरू नये. प्रत्येक विभागाच्या वर ‘या विभागाची उत्तरे कोणी दिली’ असा रकाना नसेल, तर तो आजच घालावा. या एका रकान्याने जेवढा गोंधळ निस्तरतो, तेवढा प्रशिक्षणाच्या दोन दिवसांनीही निस्तरत नाही.

एका शब्दाखाली दोन प्रश्न

यानंतरही उरणाऱ्या विसंगतींचा सर्वांत मोठा वाटा साध्या, रोजच्या शब्दांत असतो, आणि मराठीत प्रश्नावली लिहिणाऱ्याने हे शब्द एकेक करून ओळखून ठेवले पाहिजेत.

‘घरात किती माणसे आहेत?’ हा प्रश्न घ्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची व्याख्या अशी आहे की जे लोक सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब, म्हणजे आपल्या बोलीत एका चुलीवरची माणसे. परंतु घरातली आई माणसे मोजते ती नात्याने. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला आणि गणपतीला घरी येणारा मुलगा तिच्या हिशेबात घरचाच असतो, आणि त्याला वगळून मोजणे तिला अशुभही वाटू शकते. त्याच घरातला थोरला भाऊ रेशनकार्डाप्रमाणे मोजतो, तर धाकटी सून आज किती भाकऱ्या थापल्या त्याप्रमाणे मोजते. तिन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. मराठवाड्यातल्या ज्या गावांतून ऊसतोडीला माणसे जातात, तिथे पाहणी दिवाळीच्या आधी झाली आणि फेरतपासणी नंतर झाली, तर घरात केवळ म्हातारी आणि नातवंडे उरलेली असतात. हा बदल खराच घडलेला आहे. यावर उपाय असा की संख्या विचारूच नये. नावे एकामागून एक लिहून घ्यावीत, प्रत्येक नावापुढे ‘काल रात्री इथे जेवले का’ आणि ‘गेल्या बारा महिन्यांत किती महिने इथे राहिले’ हे दोन प्रश्न विचारावेत, आणि कुटुंबाची संख्या आपण आपल्या व्याख्येप्रमाणे नंतर काढावी.

वयाच्या बाबतीत मराठी बोलीतच एका वर्षाचा फरक दडलेला आहे. ‘पंचविसावं लागलंय’ असे सांगणाऱ्या बाईची चोवीस वर्षे पूर्ण झालेली असतात. एक प्रगणक पंचवीस लिहितो, दुसरा पुन्हा विचारून चोवीस लिहितो. वडीलधाऱ्या माणसांची वये ० आणि ५ या अंकांवर साचतात, हे जनगणनेच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ते मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. त्यात २३ ते ६२ या वयोगटातील किती जणांचे वय ० किंवा ५ ने संपते ते पाहतात. १०० म्हणजे अजिबात साचणे नाही, ५०० म्हणजे सगळी वये अशीच सांगितलेली. हा निर्देशांक संपूर्ण पाहणीसाठी काढतातच, परंतु तो प्रगणकागणिक काढून पाहावा. एकाच तालुक्यात एका प्रगणकाचा निर्देशांक इतरांपेक्षा बराच चढा असेल, तर तो वय विचारण्याऐवजी अंदाजाने लिहीत असण्याची शक्यता मोठी आहे.

जमिनीचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे मोजमाप आणि मालकी दोन्ही निसरडी आहेत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि माणसे बोलतात एकर-गुंठ्यांत. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून ‘एक एकर वीस गुंठे’ म्हणजे दीड एकर. हे पुष्कळ जण कागदावर १.२० असे लिहितात, संगणक ते सव्वा एकराहूनही कमी समजतो, आणि तोच आकडा सातबाऱ्यावरून उतरवला असेल तर तो १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर असतो. म्हणजे १.२० या एका नोंदीचे तीन अर्थ झाले. यासाठी एकर आणि गुंठे यांचे रकाने वेगळे करावेत आणि दशांश चिन्हाला जागाच ठेवू नये. मालकीचे तसेच. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते, सातबारा सामाईक असतो, थोडी जमीन अर्धलीने कसायला दिलेली असते आणि थोडी पोटखराब असते. ‘तुमची जमीन किती?’ याला थोरला भाऊ सातबाऱ्यावरचे उत्तर देतो आणि धाकटा आपल्या वाट्याचे. नावावर किती, वाट्याला किती आणि यंदा स्वतः कसलेली किती, हे तीन प्रश्न सुटे विचारल्याशिवाय हा आकडा कधीही जुळणार नाही.

स्त्रियांच्या कामाबद्दलची विसंगती मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती चुकली तर एका संपूर्ण वर्गाचे श्रम तक्त्यातून नाहीसे होतात. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला पहाटे गोठा आवरून, दूध काढून, दुपारी खुरपणीला जाऊन आलेली बाई ‘नाही, मी घरीच असते’ असे सांगते, कारण तिच्या लेखी काम म्हणजे कामाला जाणे, म्हणजे पगार किंवा मजुरी. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका ‘काल दिवसभर काय काय केलेत?’ असे विचारते आणि चित्र बदलते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक सांकेतिक क्रमांकांतही ही सीमारेषा आहे. केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२, आणि घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, चारा आणणे किंवा शिवणकाम अशी कामे करणाऱ्यांसाठी ९३ हा क्रमांक आहे. प्रगणकाने एक जादा प्रश्न विचारला की नाही, यावर तीच बाई ९२, ९३ किंवा घरच्या शेतीतील विनामोबदला काम करणारी ठरू शकते. ऊसतोडीत आणखी एक पेच आहे. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे मिळते. नवऱ्याला विचारले तर तो उचलीची संपूर्ण रक्कम स्वतःचे उत्पन्न म्हणून सांगतो, आणि बाईला विचारले तर ती ‘मला वेगळे काही मिळत नाही’ म्हणते, तेव्हा विसंगती त्यांच्या उत्तरांत शोधू नये, कारण व्यवहारच तसा आहे. कामाची यादी वाचून दाखवणे आणि शक्यतो त्या बाईलाच विचारणे हे दोन उपाय खर्च वाढवतात, तरीही मी त्यांवर तडजोड करू देत नाही.

याच जातीचा एक छोटा शब्द म्हणजे ‘परवा’. तो मागच्या दिवसासाठीही आहे, पुढच्या दिवसासाठीही आहे, आणि बोलण्यात ‘अलीकडेच कधीतरी’ एवढ्याच अर्थानेही येतो. ‘परवाच दवाखान्यात नेलं होतं’ हे ऐकून गेल्या सात दिवसांच्या रकान्यात नोंद करण्यापूर्वी वार विचारून घ्यावा.

आठवण किती मागे जाते

खर्च, आजारपण आणि खरेदी या विषयांवरच्या उत्तरांत कालावधी बदलला की उत्तर बदलते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सेन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सात दिवसांच्या आणि तीस दिवसांच्या आठवणीवर दिलेली उत्तरे तुलनेसाठी घेतली होती, आणि हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून चर्चेत आहे. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीचे, म्हणजे १९९९-२००० चे आहे. त्याआधीच्या काही फेऱ्यांत काही घरांना अन्नखर्च सात दिवसांचा आणि वेगळ्या घरांना तीस दिवसांचा विचारला होता, तेव्हा सात दिवसांवरून काढलेला मासिक खर्च स्पष्टपणे जास्त येत होता. ५५ व्या फेरीत दोन्ही कालावधी एकाच घराला, एकाच वेळी, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले आणि दोन आकड्यांतले अंतर एकदम कमी झाले. पहिला आकडा सांगून झाला की माणूस, किंवा लिहिणारा प्रगणक, दुसरा त्याला जुळवून घेतो. त्या फेरीवरून दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ च्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि या घटीतील किती भाग खरा व किती प्रश्नाच्या मांडणीतून आलेला, यावर अर्थतज्ज्ञांत दीर्घ वाद झाला.

विसंगती शोधणाऱ्याने हे उदाहरण मनाशी धरून ठेवावे, कारण त्यातून दिसते की उत्तरे जुळणे हा खरेपणाचा पुरावा होत नाही. नेमक्या या कारणासाठी फेरतपासणीला जाणाऱ्याच्या हाती पहिले उत्तर कधीही देऊ नये. एका पाहणीत मी स्वतः ही चूक होऊ दिली होती. पर्यवेक्षकांच्या टॅबवर मूळ उत्तर दिसत होते, सर्व जोड्या सुरेख जुळत होत्या, आणि त्या जुळण्याला काहीही अर्थ नव्हता, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

आठवणीचा दुसरा दोष म्हणजे दूरची घटना जवळ ओढली जाणे. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चावर नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे दाखवले होते, आणि त्यावरचा त्यांचा उपायही साधा होता: पहिल्या भेटीत जे सांगितले ते लक्षात ठेवून दुसऱ्या भेटीत फक्त ‘त्यानंतर काय झाले’ एवढेच विचारायचे. एकाच भेटीची पाहणी असेल तर इंग्रजी तारखेऐवजी गावाला ठाऊक असलेली खूण वापरावी. पोळ्यानंतर की आधी, गावची जत्रा झाल्यावर की त्यापूर्वी, कापसाची पहिली वेचणी झाली होती का, असे विचारले की उत्तर स्थिरावते. खुणांची ही यादी प्रत्येक गावासाठी पहिल्याच दिवशी करून घ्यावी; शेजारच्या गावाची जत्रा वेगळ्या महिन्यात असते. एका बैठकीत फार आठवायला लावू नये, हेही महत्त्वाचे आहे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग करून एकाच घराला तीन महिन्यांत तीन वेळा भेट देण्यात आली, ती याच ओझ्याचा विचार करून.

होकाराचा अर्थ

मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर त्या नकारालाच दुजोरा मिळतो. ‘तुम्हाला रात्री नीट झोप लागत नाही का?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याला झोप लागत नाही असेच म्हणायचे असते. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे मात्र काहीच सांगता येत नाही, कारण ‘नाही, लागते की’ आणि ‘नाही लागत’ ही दोन्ही वाक्ये तिथून सुरू होऊ शकतात. उत्तरांतील एकसुरीपणा पकडण्यासाठी प्रश्नसंचात काही विधाने मुद्दाम उलटी घालण्याची पद्धत आहे. भाषांतरात ती विधाने नकारार्थी होतात, आणि मग विसंगतीचा जो आकडा येतो तो लोकांच्या निष्काळजीपणाचा नसून आपल्या वाक्यरचनेचा असतो. विधान उलटे करायचे असेल तर ‘नाही’ न वापरता करावे. ‘मला शांत वाटत नाही’ याऐवजी ‘मला अस्वस्थ वाटते’ असे लिहावे.

लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी सहमतीची पायरी आज प्रत्येक प्रश्नावलीत असते, पण बोलणारा माणूस ‘काही प्रमाणात सहमत’ असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बरोबर आहे’. त्या ‘बरोबर आहे’चे ‘पूर्णपणे’ करायचे की ‘काही प्रमाणात’, हे प्रगणक ठरवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस वेगळे ठरवतो. प्रश्न दोन पायऱ्यांत विचारावा: आधी पटते की पटत नाही, आणि मग फार की थोडे. शिवाय दारात आलेल्या शिकलेल्या पाहुण्याचे बोलणे खोडू नये हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. त्यामुळे ‘ग्रामसभा नियमित व्हावी’ आणि ‘ग्रामसभेने काही साधत नाही’ या दोन्हींना मान डोलावली जाते. एका विधानाऐवजी दोन बाजू समोर ठेवून ‘यांतले तुम्हाला कोणते जवळचे वाटते’ असे विचारले, तर या शिष्टाचाराला वाव कमी राहतो.

क्रम, सोबत आणि मत नसणे

प्रश्नांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलते. हायमन आणि शीट्सली यांनी दिलेले १९४८ चे अमेरिकेतील उदाहरण प्रसिद्ध आहे. इतर देशांतील कम्युनिस्ट पत्रकारांना अमेरिकेत येऊन वार्तांकन करू द्यावे का, हा प्रश्न आधी विचारला तेव्हा ३६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. अमेरिकी पत्रकारांना रशियात तशी मुभा असावी का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न केला तेव्हा ७३ टक्के ‘हो’ म्हणाले. मूळ पाहणी आणि फेरतपासणी यांचा क्रम वेगळा असतो, कारण फेरतपासणीत निवडक प्रश्नच असतात, हे हिशेबात धरून मतांचे प्रश्न फेरतपासणीत शक्यतो त्यांच्या आधीच्या प्रश्नासकट घ्यावेत.

सोबत कोण बसले होते ते नोंदवावे. नवरा शेजारी असताना, सासू ओट्यावर बसून ऐकत असताना, किंवा सरपंच प्रगणकाबरोबर आलेला असताना दारू, मारहाण, कर्ज आणि शौचालयाचा वापर यांवरची उत्तरे एकटीने दिलेल्या उत्तरांसारखी राहत नाहीत. अशा प्रश्नांवर दोन उत्तरांत फरक आला तर उत्तर देणारीवर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. ती तिच्या सुरक्षिततेचा विचार करत असते. प्रश्न एकांतात विचारण्याची सोय करता येत नसेल, तर तो विचारू नये.

यानंतर उरतात ती अशी माणसे, ज्यांना त्या विषयावर मतच नसते. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ च्या लेखात दाखवले की अमेरिकेत १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये त्याच व्यक्तींना तेच धोरणविषयक प्रश्न विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरे कोणत्याही दिशेविना हेलकावे खात होती. ‘विचार केलेला नाही’ हा पर्याय मोकळेपणाने समोर ठेवला तर यातील पुष्कळ गोंधळ आपोआप गळतो. लांबलचक प्रश्नावलीच्या शेवटी मत असलेली माणसेही थकून एकच पर्याय सांगत सुटतात, कसेतरी भागवून नेतात. ओळीने वीस विधानांना एकच उत्तर दिसले तर ते पान कितव्या मिनिटाला आले, ते आधी पाहावे.

जोड्या कशा वाचाव्यात

विसंगती घरागणिक मोजू नये. एका तक्त्यात प्रश्न आडवे आणि प्रगणक उभे घ्यावेत. एखाद्या प्रश्नावर सगळ्याच प्रगणकांच्या जोड्या बिघडल्या असतील तर दोष प्रश्नाचा आहे. एका प्रगणकाच्या सर्व प्रश्नांवर बिघडल्या असतील तर दोष त्या कामात आहे. महालनोबिस यांनी बंगालमधील पाहण्यांत एकाच भागात दोन गटांना स्वतंत्रपणे नमुने देण्याची जी पद्धत रुळवली, तिच्यामागे हाच विचार होता, आणि लहान पाहणीतही ती करता येते. हो-नाहीच्या प्रश्नांत नुसती जुळणी टक्केवारीत सांगणे फसवे असते. शंभरांतले ९५ जण ‘नाही’ म्हणणारे असतील, तर डोळे मिटून दिलेली उत्तरेही साधारण ९० टक्के जुळतील. म्हणून कोहेन यांचा १९६० चा कप्पा गुणांक काढावा, जो योगायोगाने होणारी जुळणी वजा करतो.

तफावत सापडली की उत्तर देणाऱ्याला त्याच भेटीच्या शेवटी, आरोपाचा सूर न लावता विचारावे: ‘ताई, मागच्या वेळी आम्ही सहा लिहिले होते, आज पाच आले, आमचे काही ऐकायचे चुकले का?’ ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत शेऱ्याच्या रकान्यात लिहावे. पहिले उत्तर पुसू नये. दोन्ही उत्तरे, दोन्ही तारखा, उत्तर देणारी व्यक्ती आणि शेरा असे चारही भाग विदासंचात (डेटामध्ये) ठेवावेत, आणि तीन शेऱ्यांत एकच कारण आले की प्रश्नाचे शब्द बदलून त्या तारखेची नोंद करावी.

विसंगत घरे सरळ वगळून टाकण्याचा आग्रह विश्लेषण करणाऱ्यांकडून नेहमी येतो. तसे करण्यापूर्वी वगळली जाणारी माणसे कोण आहेत याचा तक्ता एकदा काढून पाहावा. माझ्या हातून गेलेल्या पाहण्यांत त्या तक्त्यात वयस्कर माणसे, शाळेत न गेलेल्या स्त्रिया आणि हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे इतरांहून अधिक निघाली, म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घेण्यासाठी आम्ही त्या गावांत गेलो होतो तीच माणसे.